मॅचिंग उजेडात बघावं

देवदत्तनं रायफल विकायला काढलीय, हे तनयनं फोनवर सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तनय म्हणजे माझ्या भाचीचा, केयाचा नवरा. नोकरी सॉफ्टवेअरची, नुकतंच इथलं, कॅनडातलं, बंदुकीचं लायसन्स काढलेलं, आणि डोक्यात जुन्या लष्करी रायफलींचं खूळ.

"मावशी, महायुद्धातली ली-एनफील्ड! ऑल मॅचिंग नंबर्स. डील एकदम सॉलिड आहे."

"पैसे देऊ नकोस," मी म्हटलं. "आधी मी बघते. काकांनाही आणते."

"काका येतील?" त्याला नवल वाटलं. वाटणारच.

काही वर्षांपूर्वी ह्याच देवदत्तनं अगदी ह्याच शब्दांत आमच्या ह्यांच्या, नंदकुमारच्या, गळ्यात एक रायफल मारली होती. रायफलीला मागून बोल्ट असतो. तो गोळी आत ढकलतो आणि दार लावल्यासारखा बंद होतो. प्रत्येक रायफलीचा बोल्ट तिच्या मापानं बसवलेला, म्हणून दोन्हींवर एकच नंबर ठोकतात. हेच ते मॅचिंग. दुसरीचा बोल्ट घातला तर गोळीच्या मागे फट राहू शकते. ह्यांच्या रायफलीत राहिली. नेमबाजीच्या रेंजवर गोळीची पितळी पुंगळी मागून फाटली आणि ह्यांचा उजवा डोळा गेला.

डोळा गेला तो गेलाच. पण हा मेला देवदत्त इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सांगत सुटला, "नंद्यानं घरी भरलेली गोळी वापरली, दारू जास्त झाली, त्याला मी काय करणार?" अहो, ह्यांनी जन्मात घरी गोळी भरली नाही! बोल्ट दुसऱ्या रायफलीचा निघाला, तर म्हणे नंद्यानंच बदलला असेल. हे मंडळात जायचेच बंद झाले. लोकांची कीव ह्यांना डोळ्यापेक्षा जास्त झोंबायची. मला कीवबीव काही नको होती. मला देवदत्त हवा होता, स्वतःच्या तोंडानं कबूल करताना. त्यासाठी साठी उलटल्यावर मी बंदुकीचा कोर्स केला, लायसन्स काढलं. केया म्हणाली, "मावशी, आर यू ओके?" म्हटलं, एकदम ओके.

शनिवारी सकाळी कोक्विटलाम शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या रेंजवर गेलो. क्लबच्या खोलीत टेबलावर रायफल मांडलेली, लाकूड तेल पाजून चकचकीत केलेलं. मला बघून देवदत्तचा चेहरा क्षणभर उतरला.

"अरे वा, वहिनी! तुम्ही इकडे कुठं?"

"तुमचीच रायफल बघायला, भावजी." वहिनी-भावजी तेवढं आमचं शिल्लक होतं.

हे काळा चष्मा लावून दाराजवळच्या खुर्चीत बसले. 

तनयनं नळीत टॉर्च मारली. आतले आटे स्वच्छ होते. नळीच्या तोंडाशी गोळीचं टोक घालून बघितलं, तर ते फार आत गेलं नाही. म्हणजे तोंड झिजलेलं नव्हतं. "मावशी, बॅरल ब्यूटिफुल आहे," तो म्हणाला.

देवदत्त फुलला. "आणि नंबर बघ ना. बॉडीवर तोच, बोल्टवर तोच. ऑल मॅचिंग!"

मॅचिंग! हा मला मॅचिंग शिकवणार! सांगलीला माझ्या वडिलांचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. त्या दुकानातच मी वाढले. कुठलीही बाई ट्यूबखाली रंग पसंत करायची नाही. साडी आणि पीस घेऊन बाहेर पायरीवर जायची, उन्हात धरायची, आणि मग नाक मुरडून परत यायची. आणि आमचे हे, एवढे इंजिनिअर, देवदत्तच्या बेसमेंटमध्ये ट्यूबखाली नंबर वाचून खूश होऊन आले.

मी बोल्ट काढला, रायफल आणि बोल्ट दोन्ही उचलले आणि दाराबाहेर निघाले.

"अहो वहिनी, कुठं?"

"मॅचिंग बघायला."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. रायफलीवरचा नंबर काळपट, कडा बोथट झालेल्या. बोल्टवर आकडे तेच, पण नवेकोरे, धारदार. भोवतालचं लोखंड कानस मारून सपाट केलेलं. जरा तिरकं धरल्यावर जुन्या नंबरातला एक सात खालून डोकावला.

"ओह शिट," तनय म्हणाला.

मी पर्समधून गेज काढलं, पोलादाचा छोटासा तुकडा. गोळीच्या जागी हा घातला तर बोल्ट बंद होता कामा नये. झालाच, तर मागे फट आहे. मी गेज आत ठेवलं, बोल्ट परत बसवला आणि ढकलला. एका बोटानं बंद झाला.

मी बोल्ट परत उघडला. गेज काढून घेतलं, रिकामी रायफल बाहेरच्या नेमबाजीच्या बाकावर ठेवली आणि शेजारी गोळ्यांचं सीलबंद खोकं आपटलं.

"भावजी, छान आहे हो. घेतो आम्ही. फक्त पहिली गोळी तुम्ही मारा."

"मी कशाला? घेणारा तनय आहे."

"फॅक्टरीच्या गोळ्या आहेत, घरी भरलेल्या नाहीत. खोकं तुम्हीच फोडा."

"वहिनी, उगाच तमाशा नको."

"मारा ना! ऑल मॅचिंग आहे ना? गाल टेकवा, डोळा लावा."

त्यानं खरंच खोकं फोडलं असतं, तर मी हात धरला असता का? अजून सांगता येत नाही. माझ्या तोंडून "थांबा" येत नव्हतं, एवढं खरं.

देवदत्त घामाघूम होऊन मागे सरकला. "वेड लागलंय का तुम्हाला? डोळा जाईल माझा!"

बोलून गेला, आणि मग त्यालाच ते ऐकू आलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हे दारातून बाहेर आले, त्याच्या पुढ्यात उभे राहिले आणि काळा चष्मा काढला. चारचौघांत पहिल्यांदाच.

"देव्या, परत म्हण."

"नंद्या, अरे, एवढ्याशा फटीनं असं होईल असं मला वाटलं नव्हतं रे..."

"म्हणजे फट माहीत होती," हे म्हणाले.

देवदत्तनं मान खाली घातली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला.

"तनय, तू मंडळाच्या कमिटीत आहेस ना? ऐकलंस?"

"एव्हरी वर्ड, मावशी."

"येत्या गणपतीत आरतीनंतर हाच उभा राहून सांगणार आहे सगळ्यांना."

"वहिनी, पाया पडतो तुमच्या," देवदत्त म्हणाला.

"वहिनी म्हणू नकोस. उल्का म्हण. पोलिसांना माझं नाव लागेल, मी आत्ताच फोन करतेय."

फोन लावता लावता मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हसत होते. काळा चष्मा त्यांनी देवदत्तच्या शर्टाच्या खिशात घातला. म्हणाले, "ठेव. आता लोकांत जाताना तुला लागेल."