बिनछपराची गाडी

प्रज्वलने बटण दाबलं आणि छप्पर उघडलं. मागच्या काचेसकट ते उचललं गेलं, मधोमध दुमडलं, डिकीच्या पोटात शिरलं आणि वरचं झाकण अलगद बसलं. सकाळपासूनची ही एकेचाळिसावी खेप होती आणि छप्पर एकदाही अडलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. प्रज्वल मात्र वैतागून स्टुलावर बसला. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करता येते, पण ठणठणीत चालणाऱ्या वस्तूचं करायचं काय?

अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. प्रज्वलच्या हातून फॉल्ट सुटत नाही, असं लोक म्हणायचे, आणि तोही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण ऐकायचा.

दुपारी गाडीचा मालक अल्पेश आला. बदलापूरजवळच्या शिरगावचा, चाळिशीचा, घाईतला माणूस.

"काय, चालतंय ना?"

"चालतंय. तोच तर लोचा आहे."

"भाई, उल्हासनगरच्या दोन मेस्त्रींकडे पण हेच झालं. तिकडे मस्त चालतं, घरी नेली की आठ-दहा दिवस नाटक. मग आपोआप सुरू. रविवारी हरेशभाई परत बघायला येतोय. तोपर्यंत काहीतरी कर यार."

हरेशभाई उल्हासनगरचा सिंधी. वरातीसाठी गाड्या भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. नवरा-नवरी उभे राहून हात हलवतील अशी ही निळी गाडी त्याला मनापासून विकत घ्यायची होती, पण दोनदा तो बघायला आला आणि दोन्ही वेळा छप्पर जागचं हललं नाही. हा फॉल्ट जो शोधेल त्याच्याकडे आपल्या बाराच्या बारा गाड्यांचं काम देईन, असं त्याने अल्पेशजवळ बोलून ठेवलं होतं. ते ऐकल्यापासून प्रज्वलला रात्री दुकानाची मोठी पाटी दिसत होती.

"अडली तेव्हाच्या तारखा आहेत का?" त्याने विचारलं.

तारखा होत्या. दर वेळी चिडून अल्पेशने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. बटणावर बोट, टीं टीं असा आवाज, लाल दिवा आणि अल्पेशच्या शिव्या. प्रज्वलने सगळ्या तारखा एका पुठ्ठ्यावर उतरवल्या. ऊन बघितलं, पाऊस बघितला, बॅटरी कधी बदलली ते बघितलं. कशाचा कशाशी मेळ बसेना. शेवटी त्याने गाडी अल्पेशबरोबर घरी पाठवली आणि ठरवलं, ती जिथे रुसते तिथेच जाऊन बघायचं.

शनिवारी तो शिरगावला गेला. अल्पेश कामाला गेला होता. आजूबाजूला सात-सात मजल्यांच्या इमारती, आणि त्यांच्या मधोमध हे बसकं घर. समोरच्या शेडमध्ये गाडी. पायरीवर अल्पेशची आई, जनीकाकी, भिजवलेले वाल सोलत बसली होती. तिने त्याला पाणी दिलं. पाणी पिता पिता त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली आणि तांब्या हातात तसाच राहिला. त्याने खिशातला पुठ्ठा काढला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. गाडीचा रुसवा दर महिन्याला अमावास्येला सुरू होत होता. मधल्या दोन तारखा तेवढ्या सुटत होत्या, आणि त्या गाडी मेस्त्रीकडून घरी आली त्या दिवशीच्या होत्या.

त्याला हसू आलं. गाडीला अमावास्या बाधते, असं गिऱ्हाइकाला सांगितलं तर दुकान बंद करून मांत्रिकाचा धंदा सुरू करावा लागेल.

"काकी, अमावास्येला गाडीचं काही करता का तुम्ही?"

"करतंय ना. नारल बदलतंय. आई एकवीरेचा. तुमचे काका व्हते तवा ते बांधायचे, आता मी."

प्रज्वलने तो नारळ पाहिलेला होता. डिकीत डाव्या बाजूच्या हुकाला, लाल कापडात बांधलेला. पाहिला कसला, स्वतःच्या हाताने काढला होता. दुकानात डिकी उघडल्यावर त्याने चपला बाजूला काढल्या, हात धुतले, नारळाला नमस्कार केला आणि तो पुढच्या सीटवर नीट ठेवून मगच कामाला हात घातला. देवाच्या वस्तूला कोपर लागू नये म्हणून. काम झाल्यावर पुन्हा होता तिथे बांधला.

"उल्हासनगरच्या मेस्त्रींनी काय केलं होतं नारळाचं?"

"चांगली पोरं. त्यांनी बी पुरच्या सीटवर ठेवला. पन गाठ मारता येत नाय तुमाला कोनाला. ढिली. घरी आल्यावर मीच सोरून परत बांधतंय."

प्रज्वल तांब्या ठेवून धावलाच.

या गाडीच्या डिकीत एक आडवा पडदा असतो. छप्पर दुमडून जिथे बसतं ती जागा आणि सामानाची जागा त्याने वेगळ्या होतात. पडद्याची दांडी दोन्ही बाजूंच्या खाचांत पूर्ण बसली, तरच गाडी छपराला हलू देते, नाहीतर खालचं सामान चिरडेल. डावी खाच हुकाला अगदी लागून होती. जनीकाकीच्या घट्ट गाठीचं एक टोक त्या खाचेत शिरलं होतं आणि त्यावर दांडी नखभर उचललेली होती. नारळाच्या वजनाने आठ-दहा दिवसांत गाठ सैलावायची, दांडी खाली बसायची आणि छप्पर शहाण्यासारखं उघडायचं. तीन मेस्त्री हैराण झाले होते, कारण तिघेही चांगल्या घरचे होते.

त्याने नारळाला हात न लावता बटण दाबलं. टीं टीं. गाठ सैल केली, दाबलं. छप्पर उघडलं. पुन्हा घट्ट केली. टीं टीं. तो एकटाच मोठ्याने हसला. असा आनंद त्याला लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता.

पिशवीतून एक नवा हूक काढून त्याने तो डिकीच्या उजव्या बाजूला, खाचेपासून लांब बसवला. नारळ तिथे बांधला आणि काकीला बोलावलं. अल्पेशला फोन करून सांगितलं की फॉल्ट सापडला, काय ते उद्या हरेशभाईसमोरच दाखवतो.

"इथे बांधत जा. कितीही घट्ट. काही होणार नाही."

काकी नव्या हुकाकडे बघत राहिली.

"मंजे उद्या गारी जाईल."

"जाणारच. आता फॉल्टच उरला नाही."

तिने पदराला हात पुसले. ते कोरडेच होते.

"पोरा, सगला जन्म डोक्यावर भारा वाह्यला मी. कदी गवताचा, कदी लाकरांचा. पार उल्हासनगरच्या बाजारापरत चालत. जमीन बिल्डिंगींना गेली, पैसा आला, तवा यांनी ही गारी आनली. गाव हसला. शेतकऱ्याला बिनछपराची गारी कशाला? ते मना बोलले, जने, आता तुझे डोक्यावर छप्पर बी नको." तिने डिकीच्या कडेवरून हात फिरवला. "रोज सांजचे बारवी धरणाच्या रस्त्याला जायाचो. मी केसांना हात लावून बसायची, हे हसायचे. दोन वर्सं झाली आता त्यांना जाऊन."

"अल्पेशला सांगितलंत का, विकू नको म्हणून?"

"त्याचं बी खोटं नाय. उभी राहून गंजतेय, बोलतो. मना कुठं चालवता येते?"

प्रज्वल पिशवीकडे वळला. त्याने पाने आवरायला घेतले. काकी अजून डिकीपाशीच होती.

"मंग यो जुना हूक? त्याला बांधला तं उघरत नाय, असाच ना?"

"बिलकूल नाही!" तो अभिमानाने म्हणाला.

रविवारी सकाळी हरेशभाई आला. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. अल्पेशने गाडी अंगणात घेतली. जनीकाकी पायरीवर बसून वाल सोलत होती. प्रज्वलने जरा थाटातच बटणावर बोट ठेवलं.

टीं टीं.

त्याने पुन्हा दाबलं. लाल दिवा लागला. अल्पेशने तोंड फिरवलं. प्रज्वल मागे गेला आणि डिकी उघडली. उजवीकडचा नवा हूक रिकामा होता. नारळ जुन्या जागी होता, आणि गाठ एक नव्हती. तीन होत्या, एकावर एक, अशा की दातांनीच सोडवाव्या लागतील.

त्याने मान वर करून पायरीकडे पाहिलं. काकीने मान वर केली नाही. तिच्या हातातला वाल मात्र सोलून झाला होता, तरी ती तो सोलतच होती.

"क्या साईं, मिळाला काय फॉल्ट?" हरेशभाईने विचारलं.

दोन मिनिटांचं काम होतं. बारा गाड्या, मोठी पाटी. प्रज्वलचा हात गाठीपर्यंत गेला. मग त्याने हात जोडले, नारळाला नमस्कार केला आणि डिकी लावली.

"नाही मिळाला."

"काल तर बोललास सापडला म्हणून!" अल्पेश उखडला.

"वाटलं होतं. माझ्याच्याने नाही होणार हे."

हे वाक्य त्याने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. 

"छोडो साईं," हरेशभाई म्हणाला. "तीन वेळा आलो, तीन वेळा नाही खुली. वरातीत नवरा आत अडकून बसला तर लोक मलाच मारतील. मी दुसरी बघतो."

चावी घरात टाकून अल्पेश त्याला सोडायला नाक्यापर्यंत गेला. जाताना प्रज्वलकडे त्याने बघितलंही नाही.

प्रज्वल पिशवी आवरू लागला. नवा हूक काढून न्यावा म्हणून पाना घेऊन तो मागे गेला, तर काकी त्याच्या आधी तिथे पोचली होती. डिकीत वाकून दातांनी गाठी सोडत होती.

"राहू दे तो," ती म्हणाली. "लागंल."

तिने नारळ नव्या हुकाला बांधला. एकच गाठ, घट्ट. मग पुढचं दार उघडून ती डाव्या सीटवर बसली, पदर कानामागे खोचला आणि समोर रस्त्याकडे बघत राहिली.

प्रज्वलने पाना पिशवीत टाकला.

"काकी, चावी कुठे आहे?"