पत्र खालून कापायचं

आधीच सांगून टाकते, आमचं 'पक्कड' हे कॉमिक मला कधीच आवडलं नाही. दर महिन्याला बत्तीस पानं, त्यातली निम्मी रक्ताने लाल. नायक तोंडाला फडकं बांधतो, वाईट माणसाच्या घरी जातो, दार वाजवतो आणि पकडीने त्याची बोटं मोडतो. एकेका बोटाला एकेक चौकट. मुखपृष्ठावर 'फक्त प्रौढांसाठी' असं ठळक छापलेलं, म्हणजे शाळेतली पोरं आधी उचलणार हे काय वेगळं सांगायला हवं? पण पोटासाठी माणूस कुठेही मान घालतो. मुद्रितं तपासायची आणि शेवटच्या दोन पानांवर वाचकांची पत्रं लावायची, हे माझं काम. अठरा वर्षं झाली.

आणि पत्रं तरी काय एकेक! एका दातांच्या डॉक्टरने लिहिलं, गुंडाचे दात पडले ते वरचे की खालचे, हे तुमच्या चित्रकाराने एकदाचं ठरवावं. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला लिहायचे की हा विकृतपणा ताबडतोब बंद करा, आणि त्याच पत्रात खाली विचारायचे, नायकाचा खांदा गेल्या अंकात निखळला होता, तो बरा कधी झाला? एका आईने लिहिलं, माझा मुलगा आता दिवा लावून झोपतो. त्याच टपालात दुसऱ्याचं पत्र, 'नुसती बोटं काय मोडता, शेळपट कुठले!' मी सगळं छापायची. दोन्ही बाजू आल्या की पान भरतं आणि भांडण लागलं की पुढच्या महिन्याची पत्रं आपोआप येतात.

जागा मात्र ठरलेली. एका पत्राला साठ शब्द. पत्र लांब असलं की मी खालून कापायची. सगळं वाचत बसायला वेळ कोणाला आहे? आणि वाचकाच्या पत्राच्या शेवटी असतं काय? कळावे, लोभ असावा, माझा फोटो छापावा. अठरा वर्षं खालून कापलं, कोणाचं काही बिघडलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका आजींचं पत्र आलं. इस्त्रीचं दुकान होतं त्यांचं. चार पानं, अक्षर मोठं. त्यातलं मी छापलं ते एवढंच: 'माझा नातू शाळेच्या बसमधून खाली पडला. डोक्याला नऊ टाके. बसचा ड्रायव्हर आमच्या इस्त्रीच्या दुकानामागच्या गल्लीत, निळ्या दाराच्या घरात राहतो. मी घरातली पक्कड पदराखाली घेतली आणि त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मला तुमचा नायक कळला.' बस. साठ शब्दांच्या आतच आटोपलं, तेही अशा वाक्यावर! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वर मथळा दिला, 'आजी, आम्ही तुमच्या पाठीशी!' खाली आमच्या पद्धतीप्रमाणे आजींचं आणि गावाचं नाव टाकलं.

अंक बाजारात गेला आणि टपालाची पिशवी फुगली. एरवी मारामारीवर आपसात वाद घालणारे लोक एकदम एका सुरात बोलायला लागले. 'आजी, तुम्ही हात का आखडलात?' 'आजी, तुमच्याकडून होत नसेल तर आम्हाला सांगा.' दातांच्या डॉक्टरनेसुद्धा लिहिलं की अशा माणसाला भूल न देता उपचार करावेत. मी हसले. चित्रकाराला वाचून दाखवलं, तोही हसला. मग एकाने लिहिलं, 'निळं दार बघून आलो.' तेव्हा मी हसले नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात फोन आला.

"तुम्ही माझं निम्मंच छापलंत," आजी म्हणाल्या. "पुढचं का नाही छापलं, बाई?"

मी फडताळातून पत्र काढलं. पुढचं मी पहिल्यांदाच वाचत होते. 'दार ड्रायव्हरनेच उघडलं. त्याच्या शर्टावर माझ्या नातवाचं रक्त होतं. बस थांबायच्या आत पोराने स्वतः कडी काढली होती. ड्रायव्हरने त्याला उचलून दवाखान्यात पळत नेलं होतं. मला बघितल्याबरोबर म्हणाला, आजी, पोरगं शुद्धीवर आलं का? माझ्या हातातली पक्कड त्याला दिसली, तरी तेच विचारत राहिला. तुमचा नायक दार उघडल्यावर समोरच्याला बोलू देत नाही. मी एक मिनिट उशीर केला म्हणून वाचले. तुमचा अंक वाचणं मी सोडलं आहे.'

अहो, मी काय करून बसले होते!

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "लोक बोलतात हो, करत कोणी नाही. पुढच्या अंकात दिलगिरी टाका, चौकट करून." पोलीस चौकीत फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "कॉमिक वाचणाऱ्यांनी कॉमिकवाल्यांना पत्रं लिहिली, यात आम्ही काय करायचं? ज्याला भीती वाटते त्याला पाठवून द्या." मी फोन आपटला.

मंगळवारी दुपारी टपाल आलं. त्यात एक पाकीट होतं, अक्षर इतकं देखणं की शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला द्यावं. 'आम्ही तिघे एकमेकांना आपल्याच पत्रांच्या पानामुळे भेटलो. तो साडेचारला घरी येतो. आम्ही चार दिवस पाहिलं. येत्या मंगळवारी जाऊन येतो. नंतर सविस्तर कळवू.'

तो मंगळवार आजचाच, आणि घड्याळात सव्वातीन झाले होते. मी आजींचं पत्र पर्समध्ये कोंबलं आणि निघाले. दोन बस बदलल्या. शेजारी बसलेल्या प्रत्येकाच्या पिशवीकडे मी बघत होते.

गल्ली अरुंद. निळं दार लगेच सापडलं. कोणालाही सापडलं असतं, पत्ता मीच छापला होता. मी दार वाजवलं.

"कोण?" आतून बाईचा आवाज.

"मी 'पक्कड'च्या ऑफिसातून आलेय."

आत काहीतरी जड फरफटत दाराशी आणल्याचा आवाज झाला. माझ्या अकलेचं दिवाळं! दुसरं काही सांगायला सुचलंच नाही मला. मी ओरडून इस्त्रीवाल्या आजींचं नाव घेतलं, त्यांचं पत्र दाराखालून आत सरकवलं. बराच वेळ गेला. मग टेबल सरकलं आणि दार उघडलं.

ड्रायव्हर किडकिडीत माणूस, चाळिशीचा. खाकी शर्ट, पायात स्लिपर. पत्र हातातच होतं, पण मला बघून त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ताई, मोडायचाच असेल तर एकच हात मोडा," तो म्हणाला. "दोन्ही गेले तर बस कोण चालवणार?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, "दादा, मी मोडायला नाही आले. माझ्यामुळे हे सगळं झालंय."

त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. पंधरा दिवस खिडकीचे पडदे उघडले नव्हते म्हणे. ड्रायव्हर बस दुसऱ्या चौकात लावून मागच्या भिंतीवरून घरात यायचा. दारात कोणीतरी एक पक्कड ठेवून गेलं होतं, कोरी, दुकानातल्या कागदासकट.

"आजींनी किती चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "हे सगळं छापा की."

"छापते. पुढच्या अंकात पहिलं हेच."

"पुढचा अंक कधी?" बायकोने विचारलं.

"दहा दिवसांनी."

तिने खिडकीचा पडदा आणखी घट्ट ओढून घेतला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "वहिनी, दोन कपडे घ्या आणि आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चला. मी एकटीच राहते. दहा दिवस काय, वर्षभर राहा. पण आधी इथून निघा." तिने पिशवी काढली. ड्रायव्हरने गॅस बंद केला. चप्पल शोधत होता तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीनदा, अगदी सावकाश.

"ड्रायव्हरसाहेब आहेत का?" बाहेरून आवाज आला. "आम्ही वाचक आहोत."

बायकोने ड्रायव्हरला ओढत आतल्या खोलीत नेलं. मी त्यांना खुणेने सांगितलं, मागच्या भिंतीवरून जा. तेवढ्यात टकटक पुन्हा झाली. मला वाटलं, वाचक म्हणजे माझीच माणसं. अठरा वर्षं यांची पत्रं वाचतेय, समजावलं तर ऐकतील. मी साखळी न काढता दार वीतभर उघडलं.

तिघे होते. पुढे पांढऱ्या केसांचे, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. मागे चष्मा लावलेली एक बाई आणि एक धिप्पाड माणूस. कोणाच्याही तोंडाला फडकं नव्हतं. बाईने तर मला बघून हात जोडले.

ड्रायव्हर टेबलावर टाकून गेला होता ते आजींचं पत्र मी उचललं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. नऊ टाके, शर्टावरचं रक्त, पोराने काढलेली कडी, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, सुटलो.

पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी खिशातून अंक काढला. पत्राभोवती पेनाने रेघ मारलेली होती. त्यांनी ते पान माझ्यासमोर धरलं.

"ताई, छापून तर असं आलेलं नाही."

"मी कापलं हो! जागा नव्हती म्हणून खालून कापलं!"

"असं कोणीही म्हणेल. तुम्ही त्याच्या कोण लागता?"

"कोणी नाही. ती पानं मी लावते. तो मथळासुद्धा माझाच आहे, 'आजी, आम्ही तुमच्या पाठीशी'."

गृहस्थांनी मागे वळून दोघांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हसले, अगदी ओळखीचं माणूस भेटल्यासारखे.

"मग तुमच्याच शब्दावर तर आलोय आम्ही," ते म्हणाले.

धिप्पाड माणसाने दाराच्या फटीत बूट घातला. मी दोन्ही हातांनी दार रेटून धरलं, घसा फाटेस्तोवर ओरडत राहिले, "कापलंय ते, अहो, मी कापलंय!" पण ते तिघे आता मला काही विचारत नव्हते, आणि साखळीचे खिळे लाकडातून एकेक करून सुटायला लागले होते.