शंकासुराने वर केलेला हात

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे शंकासुर म्हणायचे, आणि ते काही उगीच नाही. भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या पांढऱ्या दिव्यापुढून सरकत जायच्या आणि हा स्टुलावर बसून तडकलेली किंवा बुडबुडा असलेली बाटली नेमकी उचलून बाजूला टाकायचा. उभा जन्म त्यात गेला, आणि ती खोड हाडीमांसी मुरली. दूध पातळ लागलं तर दूधवाल्यावर संशय, दाट लागलं तर जास्तच संशय. जावई गोड बोलला की हा बायकोच्या कानाशी लागायचा, "याला काहीतरी हवंय." बायको वैतागून म्हणायची, "आरशातही दोनदा बघत असाल तुम्ही, दुसराच कोणी उभा आहे का म्हणून."

हा शंकासुर आणि त्याचा दोस्त भट्टीवाला एकाच दिवशी निवृत्त झाले. कामाला लागले तेही एकाच वर्षी. गेटाबाहेरच्या टपरीवर एक चहा दोघांत घेऊन मैत्री पिकलेली. फरक एवढाच, की भट्टीवाला इथला आणि शंकासुर बोटवाला. त्याच्या आजोबांना बोटीत कोंबून इथे मजुरीला आणलं होतं. नंतरची पिढी इथेच जन्मली, इथेच म्हातारी झाली, तरी रंग आणि आडनाव बघून लोक बोटवालेच म्हणायचे. कारखान्यात इथल्यांनी जेवायचं कँटीनमध्ये आणि बोटवाल्यांनी पॅकिंगच्या शेडमध्ये. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छातीही नव्हती.

निवृत्तीनंतर महिनाभरात भट्टीवाल्याच्या बायकोने दुकानातली नोकरी सोडली. घराला रंग लागला. इकडे शंकासुराची बायको मात्र रोज संध्याकाळी ऑफिसांच्या फरश्या पुसायला जातच होती. तिच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता. "मी सुटलो की तुला बसवतो," असं तो तिला वर्षानुवर्षं सांगत आला होता. आता सुटला होता, आणि घरात बसला होता तो एकटाच. त्याला याची लाज वाटायची. आणि लाज वाटली की त्याला संशय यायचा.

"हा पैसा आला कुठून?" त्याने बायकोला विचारलं. "सारखाच पगार, सारखीच वर्षं. संपाच्या वेळी आपल्या बोटवाल्यांतले दोघं कामावरून गेले. त्यांची नावं साहेबाला कुणी दिली असतील?"

"अहो, तो तुमचा मित्र आहे."

"मित्रच देतात नावं. परक्याला ती माहीत कुठे असतात!"

एकदा डोक्यात शिरलेला किडा त्याला स्वस्थ बसू देईना. शेवटी एका दुपारी तो भट्टीवाल्याच्या घरी जाऊन थडकला. वहिनींनी चहा दिला. भट्टीवाला नव्या आरामखुर्चीत पाय पसरून बसला होता. शंकासुराने खुर्चीकडे असं बघितलं, जणू तिच्यातही कुठे तडा सापडेल.

"झकास चाललंय तुझं," तो म्हणाला.

"हो रे. पेन्शन सुरू झालं आणि हिला म्हटलं, पुरे आता."

"कसलं पेन्शन?"

"फंडाचं. दर महिन्याला कापून जायचं ना! तेव्हा जिवावर यायचं, आता बरं वाटतं."

शंकासुर मनात हसला. म्हणजे साहेबाच्या त्या फंडाला हा तेव्हा फसला होता आणि फासे उलटे पडले म्हणून वाचला, एवढंच. त्याला एकदम मोकळं वाटलं. वस्तीत शंभरदा सांगितलेला, पण भिंतींना कान असतात म्हणून कारखान्यात कधीच न काढलेला किस्सा त्याने आज सांगून टाकला. खूप वर्षांपूर्वी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत साहेब पॅकिंगच्या शेडमध्ये आला होता. म्हणाला, फंड निघालाय, पैसे कापले जातील, साठीनंतर मिळतील. जगलात तर. ज्याला नको त्याने हात वर करा, तेवढे पैसे उद्यापासून रोख हातात. शंकासुराने पहिला हात वर केला. त्याच्या मागोमाग सगळ्या शेडने केला.

"तू नाही केलास हात वर?" त्याने विचारलं.

भट्टीवाला पाय खाली घेऊन सरळ बसला. "आम्हाला कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे?"

"कँटीनमध्ये साहेबाने फक्त सांगितलं, पुढच्या महिन्यापासून फंड कापला जाईल. हात बीत काही नाही. मला वाटायचं, तुमचाही कापतायत." तो गोंधळून वहिनींकडे बघायला लागला. "आपण कधी पगाराचं बोललोच नाही रे. चल, उद्या ऑफिसात जाऊ. मी येतो बरोबर. तक्रार करू."

"कुणाची करू? हात माझाच होता."

तो घरी पोचला तेव्हा बायको कामावर निघायच्या तयारीत पलंगाच्या काठावर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती.

"मग? कुणाची नावं विकली त्याने?"

शंकासुराने सगळं सांगितलं. एका शेडमध्ये विचारलं, दुसरीकडे विचारलंच नाही. ती पट्टा बांधायची थांबली नाही, पण तिचा चेहरा उतरला. त्याच्यामागे ज्या घरांनी हात वर केले होते, ती सगळी तिच्या ओळखीची होती. त्यांतल्या तिघी तर तिच्याबरोबरच फरश्या पुसायच्या.

"सगळ्यांवर संशय घेतलात," ती हळू म्हणाली. "दूधवाल्यावर, जावयावर, सख्ख्या मित्रावर. त्या दिवशी साहेबावर नाही आला?"

तो किस्सा त्याने भट्टीवाल्याला पुरता सांगितला नव्हता. शेवटचा भाग त्याने बायकोसाठी राखून ठेवला होता आणि तो तिला तोंडपाठ होता. हात वर झाल्यावर साहेबाने सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि म्हणाला होता, "तुमच्यात हा एकटाच डोळस आहे." अख्ख्या नोकरीत त्याला मिळालेली ती एकच शाबासकी. किती वर्षं त्याने ती जपली होती, आणि दिव्यापुढे धरून एकदाही पाहिली नव्हती.

बायको उठायला लागली. त्याने तिला परत खाली बसवलं, तिच्या हातातली ऑफिसांची किल्ली घेतली आणि चप्पल घातली.

"बाहेरचा जिना आधी पुसायचा की आतल्या खोल्या?" त्याने विचारलं.