पाचव्या पायरीचा वैरी

ढोल्याचं वजन इतकं उतरलं होतं की आता त्याला ढोल्या म्हणणं म्हणजे क्रूर थट्टा होती. पण नाव एकदा चिकटलं की अंगावरचं मांस गेलं तरी ते जात नाही. शिकत असतानाच त्याला ते चिकटलं, आणि त्याच आठवड्यात त्याच्या मित्राला 'काडी' चिकटलं. पुढे दोघं एकाच विभागात गणिताचे प्राध्यापक झाले, केस पांढरे झाले, तरी शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे पाठीमागे 'ढोल्या-काडी' असंच म्हणायचे. आता इस्पितळात ढोल्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसला की दोघांत जाडा काडीच दिसायचा, आणि त्याची त्याला लाज वाटायची.

त्यांचं काम गणितातल्या असल्या कोपऱ्यातलं, की बाजूच्या खोलीतले गणितीही जिन्यात गाठून विचारायचे, "तुम्ही नेमकं करता तरी काय?" ढोल्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, एकदा हाच प्रश्न काडीला विचारला होता.

"संमिश्र संख्यांच्या जागेत एक भिंत असते असं समजा, वहिनी," काडी म्हणाला होता. "एरवी अशी भिंत कुठे ना कुठे फुगलेली असते. काही भिंती मात्र अजिबात फुगत नाहीत. त्यांना लेव्ही-सपाट म्हणतात. अशी भिंत पानापानांची बनलेली असते, जाडजूड पुस्तकासारखी. आणि त्यातलं प्रत्येक पान अगदी गुळगुळीत."

"मग अडलंय कुठे तुमचं?"

"एका पानावरून पुढच्या पानावर जाताना. पानं गुळगुळीत असतील हो, पण ती एकाला एक लागून जशी रचलीत, ती रचना गुळगुळीत आहे का?"

"आणि ते कळलं की काय होतं?"

"पुढचा प्रश्न पडतो!" ढोल्या आतल्या खोलीतून ओरडला होता, आणि वहिनीने कपाळावर हात मारला होता.

साध्या, धड भिंतींचं उत्तर आधीच्या लोकांनी देऊन ठेवलं होतं. या दोघांनी घेतली होती चीर गेलेली भिंत. चिरेच्या जवळ जाऊ तशी पानांची रचना बिघडते की टिकते? टिकते, असं त्यांचं प्रमेय होतं. त्याच्या सिद्धतेच्या सात पायऱ्या होत्या आणि त्यात दोघांची उमेदीची वर्षं गेली होती. उगाच गेली असं मात्र दोघांनाही कधी वाटलं नाही.

त्यांची काम करायची एक रीत होती. एकाने पायरी मांडायची, दुसऱ्याने त्या दिवशी वैरी व्हायचं. वैऱ्याने दयामाया दाखवायची नाही. शिव्या द्याव्यात, हसावं, फळ्यावरची ओळ तळहाताने पुसून टाकावी, पण पायरीत भोक आहे की नाही ते बघावं. ज्याची पायरी त्याने स्वतः ती सोडायची नाही, शेवटपर्यंत लढवायची. भोक दिसलं तर बोलायचं वैऱ्यानेच. या रीतीपायी एकदा ढोल्या तावातावाने निघून गेला होता आणि आठवडाभर काडीशी बोलला नव्हता. मग परत येऊन म्हणाला, "बरोबर होतं तुझं, भडव्या. चल, चहा पाज." असं चाललं होतं त्यांचं, आणि दोघांच्याही बायकांना यात प्रेम कुठे आहे ते कधी उमगलं नाही.

ढोल्याच्या पोटातला आजार कळला तेव्हा निबंध लिहून झाला होता. तो इस्पितळात दाखल झाला आणि त्याच सुमाराला नियतकालिकाचं उत्तर आलं, की निबंध स्वीकारला आहे. काडी ते सांगायला धावतच गेला. ढोल्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "चला. काहीतरी राहील म्हणायचं मागे." त्या दिवशी काडीचा जीव भांड्यात पडला. मित्र जाणार होता, हे डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. पण रिकाम्या हाताने जाणार नव्हता.

भोक सापडलं ते पहिल्या वर्षाच्या वर्गात, आणि तेही काडीला शोधायचं नसताना. तो पोरांना एक भागिले एक्स शिकवत होता. शून्याच्या उजवीकडचा कुठलाही एक्स घ्या, उत्तर ठरावीक येतं. म्हणजे प्रत्येक ठिकाणी मर्यादा आहे. पण शून्याच्या जवळजवळ जाल तसं ते उत्तर वाढतच जातं, सगळ्यांना पुरेल अशी एकच मर्यादा मिळत नाही.

"प्रत्येकाला आपापली मर्यादा आहे," काडी नेहमीच्या ऐटीत म्हणाला, "म्हणून सगळ्यांना मिळून एक मर्यादा आहे, असं जो पेपरात लिहील त्याला मी शून्य देतो. आजवर दिलंय, पुढेही देणार."

आणि बोलता बोलता त्याचा खडू फळ्यावरच थांबला. पाचवी पायरी! चिरेजवळच्या प्रत्येक पानाचं वळण एका आकड्याच्या आत राहतं, हे त्यांनी दाखवलं होतं. पण तो आकडा सगळ्या पानांना एकच असतो, हे कुठे दाखवलं होतं? चिरेकडे जाताना तो वाढतच गेला तर? वर्ग संपायला वेळ होता, तरी "उरलेलं घरी वाचा" म्हणून तो बाहेर पडला आणि खोलीत जाऊन निबंध उघडला. कुठेच नव्हतं. ज्या चुकीला तो वर्षानुवर्षं पोरांना शून्य देत आला, तीच त्याच्या नावावर छापून येणार होती.

हे घडलं कसं, तेही त्याला लगेच आठवलं. पाचवी पायरी ज्या दुपारी सुचली तेव्हा दोघंही फळ्यापाशी होते. अर्धी ओळ ढोल्याने लिहिली, त्याच्या हातातला खडू ओढून घेऊन पुढची काडीने. दोघं हर्षाने वेडे झाले होते. पायरी दोघांची, मग वैरी कोण होणार? काडीला वाटलं, मागाहून ढोल्याने ती झोडपली असेल. ढोल्याला वाटलं असणार, काडीने झोडपली. कुणीच झोडपली नव्हती. आणि त्या पायरीवर सहावी आणि सातवी उभी होती. ती गेली की प्रमेय गेलं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"मग आता त्यांना सांगणार आहात?" तिने विचारलं.

"रीत तशीच आहे आमची."

"चुलीत घाला ती रीत. माणूस मरायला टेकलाय अहो. काहीतरी राहील म्हणून समाधानाने पडलाय, तेवढंही काढून घेणार त्याच्याकडून? नियतकालिकाला कळवा हवं तर, पण नंतर."

काडीला तिचं पटलं. खरं तर तिने असं काही म्हणावं म्हणूनच त्याने तिला सांगितलं होतं. शिवाय त्याने मनाशी एक पळवाटही काढून ठेवली: भोक आपणच बुजवायचं. बुजलं की हसतहसत जाऊन सांगायचं, अरे, एक गंमत झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी कागद घेऊन बसायचा आणि दुपारी इस्पितळात जायचा. सकाळी काही जमायचं नाही. दुपारी त्याबद्दल मूग गिळून बसायचा. विभागातल्या भानगडी, नव्या विभागप्रमुखांचा विग, लिफ्ट परत बंद पडली, उन्हाळा यंदा लवकर आला, असलं काहीबाही सांगत राहायचा. त्याला वाटायचं, आपण मित्राचं मन रमवतोय. ढोल्या ऐकून घ्यायचा. मग विचारायचा, "बाकी?"

"बाकी मजेत."

"निबंध वाचलास परत?"

"आता काय वाचायचाय? स्वीकारलाय ना त्यांनी."

"त्यांच्या परीक्षकाने नीट वाचला असेल ना रे? पाचवीबद्दल काही म्हणाला?"

"छे! सुंदर आहे म्हणाला." हे मात्र काडीने पदरचं घातलं. परीक्षकाने तसलं काही लिहिलं नव्हतं. ढोल्याने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. काडीला ते समाधान वाटलं. माणूस हुशार असला तरी आपल्याला हवं तेच बघतो, आणि काडी तर नको तितका हुशार होता.

दुखणं वाढत चाललं होतं. ढोल्याच्या कपाळावर घाम यायचा, पलंगाच्या कडेची सळई तो मुठीत धरून ठेवायचा, बोटं पांढरी पडेपर्यंत. नर्स दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन यायची आणि तो मान हलवून तिला परत पाठवायचा. एकदा काडीला बघवेना.

"घेत का नाहीस? कुणाला शौर्य दाखवतोयस?"

"डोकं जड होतं त्याने," ढोल्या दात आवळत म्हणाला. "चार ओळी मनात धरता येत नाहीत."

"कशाला धरायच्यात? झालं ना तुझं काम. पड की निवांत."

ढोल्याने पुन्हा सळई धरली. बाहेरच्या बाकावर वहिनी पदराने डोळे पुसत बसली होती. काडी बाहेर आला तेव्हा तिने विचारलं, "आज काय बोललात दोघं?"

"काही नाही वहिनी, असंच. इकडचं तिकडचं."

"असं," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघत, "भाऊजी, तुम्ही हल्ली भांडत नाही हो." काडीला वाटलं, वहिनी आभार मानतेय. तो म्हणाला, "आता काय भांडायचं त्याच्याशी!"

असेच दिवस गेले. आणि मग एका सकाळी काडीला निम्मा रस्ता दिसला. पानांची वळणं एकेक करून मोजायचीच नाहीत. चिरेभोवती फिरून पलीकडच्या बाजूने यायचं आणि शेजारशेजारच्या दोन पानांची तुलना करायची. पण तुलना नेमकी कशाशी बांधायची, तिथे गाडं अडलं. तासभर तो कागदाकडे बघत राहिला आणि त्याला स्वच्छ कळलं की हे आपल्याच्याने व्हायचं नाही. असली गाठ ढोल्याच सोडवायचा. डोळे बारीक करून म्हणायचा, "उलटं धर बघू," आणि सुटायचं. जन्मभर तसंच सुटत आलं होतं.

त्याने अंगात शर्ट चढवला आणि तो निघालाच. बायको "अहो, जेवण?" म्हणेपर्यंत जिना उतरून गेला. दया दाखवायचं त्याच्या डोक्यातून पार गेलं होतं. आज तो वैरी होऊनच चालला होता. 'पाचवी पायरी भिकार आहे, ढोल्या, आपण दोघंही गाढव आहोत,' हे पहिलं वाक्य त्याने रिक्षातच जुळवलं. तो कसा उखडेल, कशा शिव्या घालेल, ते आठवून त्याला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

खोलीत उजेड कमी केलेला होता. ढोल्या डोळे मिटून पडला होता. कपाळावर घाम नव्हता, मुठी सैल सुटल्या होत्या, तोंड अर्धवट उघडं होतं. उशाशी वहिनी त्याच्या केसांवरून हात फिरवत बसली होती.

"झोपलाय का? उठवा जरा," काडी हातातला कागद पुढे करत म्हणाला. "महत्त्वाचं आहे वहिनी. काम निघालंय."

"ते आता उठायचे नाहीत, भाऊजी. काल संध्याकाळी इंजेक्शन सुरू केलंय, ते चालूच ठेवणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता असेच झोपेत जातील."

"पण तो तर घेत नव्हता!"

"तुमच्यासाठी घेत नव्हते," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काडीला जास्त लागलं. "त्यांना तुमच्या त्या पुस्तकात काहीतरी चूक सापडली होती. पाचवी काय म्हणता ती. इथे आल्यावर दोन-चार दिवसांतच. मी म्हटलं, मग सांगा ना भाऊजींना. तर म्हणाले, मी सांगितलं तर तो म्हणेल, राहू दे, आराम कर. त्याला कळल्याशिवाय राहायचं नाही. तो आपणहून भांडायला आला, तर मी अजून माणसात आहे. आपण दोघं मिळून ती बुजवू, मला साधारण दिसतंय कशी ते, म्हणाले. म्हणून डोकं साफ ठेवून होते. तुम्ही गेलात की रोज मला विचारायचे, बाहेर तुझ्यापाशी काही बोलला का?"

काडी उभाच राहिला. कागद अजून त्याने पुढे धरलेला होता.

"काल तुम्ही गेलात, विगवाल्याची नक्कल करून," वहिनी म्हणाली. "मग त्यांनीच नर्सला बोलावलं. म्हणाले, दे आता. मग मला म्हणाले, तो नाही बोलायचा. त्याला कळलंय, मला त्याच्या तोंडावर दिसतंय, पण त्याने मला आधीच मेलेल्यात धरलंय."

काडीने कागद खाली टाकला. तो पलंगाशी गेला, गुडघे टेकून खाली बसला आणि ढोल्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागला. आधी हळू, मग मोठ्याने, मग दारातून नर्स डोकावेपर्यंत मोठ्याने. "पाचवी पायरी चुकलीय, ढोल्या! भिकार आहे पाचवी! ऐकतोस का, गाढवा? शून्य मार्क तुला, शून्य! ऊठ, शिव्या दे मला!"

ढोल्याचा श्वास संथ चालला होता. वहिनीने काडीच्या खांद्यावर हात ठेवला.

"नका ओरडू, भाऊजी," ती म्हणाली. "आत्ता कुठे त्यांचं दुखायचं थांबलंय."