वहिनींचा खुणांचा क्यू

वहिनींकडे आता पूल खेळायचे, चेंडू ढकलायचे पाच चांगले क्यू आहेत. त्यातला एक दोन तुकड्यांत सुटतो आणि आतून मखमल लावलेल्या पेटीत झोपतो. पण वन्सं, म्हणजे वहिनींची मोठी नणंद, रोज सकाळी दुकान उघडल्यावर फडक्याने पुसतात तो सहावा. तो आरशाशेजारी खिळ्याला उभा टांगलेला असतो. त्याच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत इंचाइंचाच्या काळ्या खुणा आहेत आणि दर सहा इंचांवर एक लांब रेघ.

"ही पडदे मोजायची काठी का हो?" असं एखादं नवीन गिऱ्हाईक विचारतं.

"काठी म्हणू नका तिला," वन्सं काज करताकरता मान वर न उचलता म्हणतात. "एका वकिलाला पुरून उरलीय ती."

खरं तर गिऱ्हाईकाचं फारसं चुकत नाही. त्या क्यूने पहिली चार वर्षं पडदेच मोजले.

कपडे शिवायचं आणि उसवून पुन्हा बेतायचं हे दुकान तळमजल्यावर आणि त्याच्या बरोबर डोक्यावर पूलचा क्लब. दुपारभर छतातून चेंडूंचा खटखट आवाज यायचा. एकदा क्लबने अडगळ बाहेर काढली, तेव्हा जिन्याखाली झाडूंच्या सोबतीला एक क्यू उभा दिसला. त्याच्या टोकाचं चामडं गेलेलं, पॉलिश उडालेलं, पण अंग सरळसोट. वर टेबलं पुसणारे, गुण मांडणारे आणि सगळ्या क्लबची उस्तवार करणारे मार्करकाका म्हणाले, "न्या हो टेलरबाई. तुमच्याकडे निदान उपाशी राहणार नाही."

वहिनींनी टोकाला तारेचा आकडा बांधला. उंच दांडीवरचे कोट उतरवायला स्टुलावर चढणं वाचलं. मग तापलेल्या सुईने त्यावर इंच पाडले. पडद्याचं कापड मोजायला टेपपेक्षा हे बरं, लोंबत नाही. चार वर्षं त्या क्यूने अशी इमानेइतबारे नोकरी केली. तो मुळात कशासाठी जन्माला आला होता, हे दुकानात कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

मग एका मंगळवारी मार्करकाका धापा टाकत खाली आले.

"टेलरबाई, वर एक जखमी पडलाय. लवकर चला, सुई घेऊन."

जखमी होतं टेबलाचं हिरवं कापड. वकीलसाहेब हे क्लबचे सेक्रेटरी आणि सलग नऊ वर्षांचे विजेते. पाहुण्यांसमोर एका चेंडूवरून दुसरा उडवून दाखवायला गेले आणि क्यूचं टोक कापडात घुसलं. चेंडू पडायच्या मधल्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर बोटभर लांबीची काटकोनी फाट पडली. शनिवारी वार्षिक स्पर्धा आणि नवीन कापड यायला महिना.

वहिनी पहिल्यांदाच तो जिना चढल्या. वर दिव्याखाली ते हिरवं मैदान बघून त्यांना वाटलं, एवढं सुंदर ताणलेलं कापड आपण जन्मात पाहिलं नाही. कापडाखाली दगडी पाट, म्हणजे खालून हात घालायची सोय नाही. त्यांनी गाद्या शिवायची वाकडी सुई मागवली, टेबलाच्या कडेखाली दुमडलेल्या कापडातून एकेक धागा ओढून काढला आणि दोन दुपारी टेबलावर पालथं पडून रफू केला. तिसऱ्या दिवशी मार्करकाकांनी त्यावरून हळूच चेंडू सोडला. चेंडू केसभरही वाकडा गेला नाही. वकीलसाहेबांनी चष्मा चढवून फाट शोधली, चष्मा उतरवून शोधली.

"कुठे आहे?"

"तुम्हीच पाडलीत ना?" वहिनी म्हणाल्या. "तुम्हालाच ठाऊक हवं."

हिशेबाचं बोलणं निघालं तेव्हा वहिनींनी एवढंच मागितलं, "मला एकदा खेळू द्या."

सगळे हसले, पण नाही कोणी म्हटलं नाही. उद्या या, म्हणाले. वहिनी खाली आल्या, क्यूचा आकडा सोडला, एका जुन्या कोटाच्या कोपरावरचं चामडं गोल कापून टोकाला डिंकाने बसवलं आणि दोऱ्याने आवळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वन्संना सोबत घेऊन वर गेल्या. सगळे जण टोकाला खडू लावतात हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्यांनीही ऐटीत आपला खडू काढला, कापडावर बेत आखायचा, चपटा, गुळगुळीत. टोकाला चांगला घासला आणि नेम धरून मारलं.

तो खडू मुळी कापडावर सुळकन सरकायलाच केलेला. क्यूचं टोक पांढऱ्या चेंडूवरून निसटलं, चेंडू तिरका उडाला, टेबलाबाहेर गेला आणि दारापाशी ठेवलेल्या छत्र्यांच्या डब्यात खणकन पडला.

पडद्याची काठी, पडद्याची काठी, म्हणत क्लबात हशा पिकला. एकाला तर ठसका लागला. वहिनींचे कान तापले. वन्सं तेवढ्या छत्र्यांपाशी गेल्या, चेंडू पदराने पुसून परत आणून ठेवला आणि सगळ्यांकडे असं काही पाहिलं की निम्मं हसू जागच्या जागी विझलं.

"बाई, तुमचा टाका उत्तम आहे," वकीलसाहेब डोळे पुसत म्हणाले. "तेवढाच घाला. टेबल सभासदांसाठी असतं."

"सभासद कसं व्हायचं?"

"वार्षिक स्पर्धा खुली असते. जिंकेल तो आपोआप सभासद. या की पुढच्या वर्षी!" ते सगळ्यांकडे बघून हसले. "पण हरलात तर हा जिना फक्त रफूसाठी चढायचा. कबूल?"

वहिनींच्या तोंडून नाही यायच्या आत वन्सं म्हणाल्या, "कबूल."

जिन्यात वहिनी त्यांच्यावर कडाडल्या, "वन्सं, माझ्या वतीने तुम्ही कोण कबूल करणाऱ्या?"

"तुझी नणंद. तुला टोचून बोलायचा हक्क आमच्या घराण्याचा. तो त्या वकिलाला कोणी दिला?"

मार्करकाका रोज सकाळी सात ते आठ टेबलाला ब्रश मारत. त्या वेळी खोलीत कोण असावं, याबद्दल नियमांच्या वहीत एक अक्षर नव्हतं. वहिनी वर्षभर त्या तासाला वर गेल्या. काकांनी पहिल्या दिवशी निळा खडू हातावर ठेवला. "तुमचा सरकतो, आमचा धरतो," एवढंच म्हणाले. वहिनींचा हात मुळात स्थिर, सुईत दोरा ओवणारा. सरळ चेंडू चार महिन्यांत पडू लागले. टेबलाच्या पॉकेटांना त्या खिसेच म्हणायच्या आणि काकाही नकळत तसंच म्हणू लागले.

अडलं ते कुशनवर. कडेच्या रबरी गादीवर चेंडू आपटून परत खिशात आणायचा, हे काही केल्या जमेना. काका कोन समजावून सांगायचे, इतका आत येतो म्हणून तितका बाहेर जातो. वहिनी मान डोलवायच्या आणि चेंडू भलतीकडे जायचा.

ते उलगडलं खाली, दुकानात. एका पडद्याची मधोमध घडी घालून वहिनी दोन्ही कडांच्या चुण्या जुळवत होत्या. या बाजूची खूण त्या बाजूच्या खुणेवर बरोब्बर येऊन पडली. वहिनी तशाच थांबल्या. मग हातातला पडदा टाकून जिन्याकडे धावल्या.

"काका, कुशन म्हणजे घडीची रेघ आहे हो! टेबल पलीकडे उलगडायचं. खिसा इकडे घडीपासून जितका लांब, तितकाच पलीकडे लांब धरायचा आणि सरळ त्या पलीकडच्या खिशावर मारायचं. घडी चेंडूच घालेल!"

काका ब्रश हातात धरून बघत राहिले. "तीस वर्षं झाली मला," ते म्हणाले, "पण घडी नाही सुचली." मग त्यांच्या लक्षात आलं, पलीकडचा खिसा हवेत असतो, तो धरायचा कसा? वहिनींनी क्यू उचलला आणि त्यावरच्या इंचांवरून बोट फिरवलं.

स्पर्धा आली. नवीन कापड कपाटात घडी करून पडलं होतं. रफू टिकलाय तोवर राहू द्या, असं समितीने ठरवलं होतं. वहिनी पहिली फेरी जिंकल्या तेव्हा लोक म्हणाले, नशीब. दुसरी जिंकल्या तेव्हा चहाचे कप खाली ठेवले गेले. तिसरीनंतर खुर्च्या पुढे ओढल्या गेल्या. अंतिम सामन्यात समोर वकीलसाहेब, पाच डावांतले तीन जिंकायचे. दोन यांनी घेतले, दोन त्यांनी.

शेवटच्या डावात वकीलसाहेबांचा एक चेंडू उरला आणि वहिनींचा फक्त काळा. तो पडला की संपलं. पण वकीलसाहेबांनी मुद्दाम काही न पाडता आपला चेंडू असा काही लावून ठेवला होता की काळ्याला एकाही खिशाची सरळ वाट उरली नव्हती. ते खुर्चीत टेकले आणि पायावर पाय टाकून बसले.

वहिनींनी टेबलाला एक फेरी मारली. वाट एकच होती. काळा समोरच्या लांब कुशनवर मारायचा आणि अलीकडच्या मधल्या खिशात परत आणायचा. खिशाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तो कुठून जाणार, हे त्यांना लगेच कळलं. अख्ख्या खोलीत ते कळणाऱ्या त्या एकट्याच होत्या. तिथे त्यांचे टाके होते. परतीच्या वाटेवर चेंडू हळू झालेला असणार आणि हळू चेंडूला एक जाड गाठसुद्धा वाट सोडायला लावते. वर्षभर सकाळी तो टापू त्यांनी टाळला होता. आपलंच काम आपण तपासायला भीत होतो, हे त्यांना आत्ता जाणवलं.

त्यांनी क्यू मधल्या खिशापासून समोरच्या कुशनपर्यंत आडवा धरला आणि इंच वाचले. मग पलीकडे जाऊन कुशनपासून तेवढाच बाहेर धरला. टोक जिथे पोचलं तिथे वन्सं बसल्या होत्या. मांडीवर लोकरीची पिशवी, सुया थांबलेल्या.

"हरकत आहे!" वकीलसाहेब उठून उभे राहिले. "हे मोजमापाचं साधन आहे. खेळात चालणार नाही."

"मागच्या वर्षी पडद्याची काठी म्हणून हसलात," वन्सं म्हणाल्या, "आज साधन झालं होय?"

मार्करकाकांनी शांतपणे नियमांचं पुस्तक काढलं, बोट ओलं करून पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "हातात धरलेल्या क्यूने खेळाडूला अंतर मोजता येईल." मग पुस्तक मिटलं. "क्यूवर खुणा नकोत, असं यात कुठेही नाही. आणि साहेब, हा क्यू आपल्याच क्लबचा. आपणच टाकून दिलेला."

वकीलसाहेब बसले. या वेळी पायावर पाय टाकला नाही.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "पिशवी जरा डावीकडे. अजून. बास. आता अजिबात हलू नका."

"श्वास घेऊ का?"

"थोडा."

"मधला खिसा," वहिनींनी जाहीर केलं. निळा खडू टोकाला लावला, दोनदा. त्या वाकल्या. आता टेबल त्यांना दुप्पट दिसत होतं, घडीपलीकडे उलगडलेलं आणि त्याचा मधला खिसा थेट वन्संच्या पिशवीत उघडलेला. मध्ये कोणी नव्हतं, काही नव्हतं. त्यांनी मारलं.

काळा निघाला तो सरळ वन्संच्या दिशेने. वन्संनी डोळे मिटले, पण हलल्या नाहीत. चेंडू कुशनवर आपटला आणि वळला. येताना वेग उतरत गेला. खोलीतला एकूण एक माणूस उभा राहिला. चेंडू वीतभर उरला, रफूवर चढला. वहिनींना त्या क्षणी दोन दुपारी घातलेला एकेक टाका आठवला, उभे धागे, आडवे धागे, एक वर, एक खाली. चेंडू त्यावरून असा गेला, जसं तिथे कधी काही फाटलंच नव्हतं. खिशाच्या ओठावर क्षणभर टेकला आणि आत पडला.

मग जो गलका झाला, त्याने तळमजल्यावरच्या दांडीवरचे कोटसुद्धा हलले असतील. मार्करकाकांनी पाटीवर गुण लिहायला घेतले आणि खडूच मोडला. मागच्या वर्षी ज्याला ठसका लागला होता, त्याला आजही लागला, पण ओरडून. कोणीतरी वहिनींचा क्यू उचलून धरला आणि तो हातोहात खोलीभर फिरला. जो तो खुणांवरून बोट फिरवून बघत होता.

वकीलसाहेब टेबलापाशी आले. त्यांनी चष्मा चढवला आणि मधल्या खिशासमोर वाकून बराच वेळ पाहिलं.

"यावरूनच गेला ना?"

"हो."

"मला अजूनही दिसत नाही हो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आता हसणं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. "या, सभासद."

वहिनींनी तो हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचं त्यांनी मुळीच मनावर घेतलं नाही. एवढ्यात त्या गर्दीच्या पलीकडून, कुशनपासून मोजून ठेवलेल्या खुर्चीवरून, एक अगदी दबलेला आवाज आला. डोळे मिटलेले, पिशवी डावीकडे धरलेली, सुया तशाच हवेत.

"वहिनी, पडला असेल तर आता हलू का गं?"