बिनबोराचं बोरन्हाण

आकांक्षा रडायला लागली की मूर्तिजापूरच्या स्टेशनावरच्या भोंग्यानं लाजावं. तिची आई जयवंता बाजारात भाजी विकते. सकाळी लेकीला माझ्या पाळणाघरात सोडते अन् म्हणते, "रागिणीताई, माहा जीव ठेवून जाऊन रायली तुमच्यापाशी."

लेकरं म्हणजे क्षणाचा भरवसा नाही. म्हणून तर मी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून शिकून आले. घशात काही अडकलं तर काय करायचं, झटका आला तर काय. रोज कापडी बाहुलीला मांडीवर पालथी घालून तिच्या पाठीत मारायचे. माझ्या सासूबाई, माणिकबाई, पोट धरून हसायच्या.

"त्या बाहुलीनं काय गुन्हा केला वं? काहून मारून रायली तिले?"

संक्रांत झाली आणि सासूबाईंनी पाळणाघरातल्या पोरांचं बोरन्हाण काढलं. मी बजावलं, "करा, पण बोरं, दाणे, हरभरे काहीच नाई पायजे. नुसते मुरमुरे." त्यांनी नाक मुरडलं, पण हो म्हणाल्या.

आकांक्षाला काळं झबलं घालून पाटावर बसवलं. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून मुरमुऱ्यांचं माप ओतलं. पोरं तुटून पडली. मी फोटो काढत होते, तेवढ्यात एक बोर टुणकन फरशीवर उडालं.

"आई, हे काय?"

"दोन-चार टाकली वं. बिनबोराचं कायचं बोरन्हाण? शकुनाले लागते."

मी वळले. आकांक्षा तोंड उघडं टाकून बसली होती. रडत नव्हती, खोकतही नव्हती. भोंगा बंद.

सासूबाईंनी तिच्या टाळूवर थापटलं. "वर पाह्य, चिमणी पाह्य!" लेकरानं वर पाहिलं. ओठ निळे पडत होते. त्या पाण्याला धावल्या.

"पाणी नको! एकशेआठले फोन लावा!" मी ओरडले. सासूवर आयुष्यात पहिल्यांदा.

पोरीला मांडीवर पालथी घेतली, डोकं खाली. बाहुली कधी वळवळली नव्हती. ही वळवळत होती, आणि हळूहळू थांबत होती. दोन खांद्यांच्या मधोमध तळहातानं मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. देवा, जयवंताला काय तोंड दाखवू? अजून जोरात मारलं.

बोर फरशीवर पडलं. आणि भोंगा वाजला.

सासूबाई सवयीनं पुढे आल्या. "गप, माय, गप..."

"गप नका करू तिले," मी म्हटलं. "रडू द्या." मीही रडत होते.

बाजार आटोपून आलेली जयवंता दारात उभी राहिली. "गल्लीच्या तोंडाशी आयकू येऊन रायलं. काहून रडते एवढी?"

सासूबाईंनीच ते बोर उचलून तिच्यापुढे धरलं. "म्या टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या बाहुलीले हसत होती मी."

जयवंतानं पोरीला छातीशी ओढलं. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरला दाखवायचंच होतं. दवाखाना येईपर्यंत आकांक्षा रडत होती, आणि तिला कुणीच गप केलं नाही.