केतेकूचा निरोप

मित्रांनो, मी दवंडीची एक जुनी लोखंडी घंटा आहे. मला लोलक नाही. काठीने बडवलं तरच बोलते, उगाच बडबड करत नाही. याच डोंगरातल्या लोहारांनी मला घडवलं.

आमच्याकडे दर डोंगराची बोली वेगळी. आमची बोली बोलणारी माणसं दोनचार गावांत मावतात. पलीकडच्या डोंगरावरची बोली आमचीच बहीण, पण या बहिणी एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. म्हणून खालच्या बाजारात सगळे एवे भाषेत बोलतात. शिकलेसवरलेले लोक कधी वर आलेच, तर तेही एवेतच विचारपूस करून जातात.

केतेकू आमचा दवंडीवाला. लाल भाताची कापणी असो की कुणाची हरवलेली बकरी, तो मला बडवून आमच्या बोलीत गावाला सांगायचा. त्याच्या आवाजाने मेलेलाही उठेल, असं लोक म्हणत. खरं तर मेलेल्याला तो वाटेला लावत असे. पुरण्याआधी आमच्या बोलीत निरोप दिला नाही, तर माणूस घरातच घुटमळतो, अशी इथली समजूत आहे.

पुढे प्रार्थनाघरावर कर्णा बसला, दवंडी एवेत होऊ लागली आणि माझी रवानगी खुराड्यात झाली. कोंबड्या माझ्यावर बसत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग केतेकूच गेला. त्याला निरोप कोण देणार? म्हाताऱ्यांच्या छातीत दम नाही, तरुणांना शब्द येत नाहीत. पुतण्या म्हणाला, एवेत सांगू, काकांना एवे येत होतं.

"बाजारात येत होतं. घरी नाही," केतेकूची थोरली बहीण आजो म्हणाली. तिने मला खुराड्यातून आणवलं आणि केतेकूच्या लेकीच्या, एसीनामच्या हातात दिलं.

एसीनाम मागे सरली. आई वारल्यावर तिला दोन वर्षांची असतानाच खाली शहरात मावशीकडे धाडलं होतं. तिची बोली त्या वयातच थांबली होती.

"आत्या, मला बोबडंच येतं गं. लोक हसतील."

"दोन वर्षांची होतीस, तेव्हा त्याला कळायचं ना? आताही कळेल."

एसीनामने मला बडवलं. केस पिकायला लागलेली ती बाई लहान पोरीच्या शब्दांत म्हणाली, "बाबा, भात झाला. दार लावलं. तू जा."

कुणी हसलं नाही. खांदेकऱ्यांनी त्याला उचललं.

मित्रांनो, माझा गंज राखेने घासला की निघतो. बोलीसाठी तसली राख कुणाच्या चुलीत नसते. घरची बोली मोडकीतोडकी येत असली, तरी बोलत राहा. निदान आपल्या माणसाला "जा" म्हणण्यापुरती तरी ती ठेवा.